फिल्टरवरचा पांढरा आकडा

डिझेलचा फिल्टर बदलून झाला की चाचा त्याच्या काळ्या अंगावर पांढऱ्या पेंटने किलोमीटरचा आकडा लिहायचे. त्या दिवशी गाडीच्या मीटरवर जो असेल तो. त्यासाठी केस झडलेला एक बारीक ब्रश त्यांनी वेगळा ठेवला होता. आकडे देवनागरी, कारण त्यांची शाळा मराठी, चौथीपर्यंतची. त्यांच्या नऊची शेपटी इतकी लांब असायची की शेजारच्या आकड्याच्या पायाखालून जायची. आकडा दिसला म्हणजे काम झालं, आणि ते कुणी केलं हेही कळलं. पप्पांना ही पद्धत फार आवडायची. पप्पा एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. तीस वर्षं त्यांनी रजिस्टरं सांभाळली. जे लिहिलंय ते खरं, यावर त्यांचा इतका विश्वास की वाण्याने तोंडी सांगितलेला निरोपसुद्धा ते कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

चाचा म्हणजे आमचे गॅरेजवाले. पप्पा त्यांना मिस्त्री म्हणतात. चाचा मला बेबी म्हणतात, मी सव्वीस वर्षांची झाले तरी. पप्पांच्या स्कूटरपासून आमच्या घरातल्या प्रत्येक गाडीला त्यांचाच हात लागलेला. लहानपणी रविवारी पप्पा मला गॅरेजमध्ये घेऊन जायचे. मी भिंतीला टेकून बघत राहायचे, कारण बोलण्यापेक्षा बघणं मला नेहमीच सोपं गेलंय. चाचा जुना फिल्टर फिरवून खाली काढायचे आणि नवा लावायच्या आधी, तो जिथे बसतो त्या वरच्या लोखंडी बैठकीतून एक बोट गोल फिरवायचे. त्या वेळी त्यांचं लक्ष भलतीकडेच असायचं. रस्त्याकडे बघत, कुणाला तरी काहीतरी सांगत ते बोट फिरवायचे. मला वाटायचं ही नुसती सवय आहे, कुणी बोलताना किल्ल्या खेळवतं तशी.

गेल्या उन्हाळ्यात पप्पांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, गाडी तर नाहीच नाही. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, त्यामुळे गाडीची किल्ली आपोआप माझ्याकडे आली. आठवड्याभरात मीटरशेजारी एक पिवळा दिवा लागायला लागला.

पप्पांनी काळा चष्मा न काढताच निदान केलं. "फिल्टर बदलायला आलाय. उद्या मिस्त्रींकडे घेऊन जा."

"मी एकटी?"

"मग काय वरात काढायची? जायचं, किल्ली द्यायची, बसायचं. ओळखतात की ते तुला."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ती बोलणार आहे का तिथं जाऊन? दळण आणायला पाठवलं तर चिठ्ठी लिहून नेते."

हे खरं होतं. मी बारा वर्षं इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठीच, पण ती घरातली. चार अनोळखी माणसांसमोर बोलायची वेळ आली की मला आधी वाक्य मनात लिहावं लागतं, वाचून बघावं लागतं, मग ते तोंडातून बाहेर येतं. तोवर समोरचा दुसऱ्याशी बोलायला लागलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजसमोर गेले. समोरच्या कडुनिंबाखाली गाडी लावली. गॅरेजच्या दारातल्या बाकड्यावर पाच-सहा माणसं बसली होती. कुणी रिक्षावाले, कुणी नुसतेच चहाला आलेले. एका जीपखालून चाचांचे पाय बाहेर आलेले दिसत होते. म्हणजे मला त्या बाकड्यासमोरून जाऊन, जीपपाशी वाकून, पायांशी बोलावं लागणार होतं. 'चाचा, फिल्टरचा दिवा लागतोय.' वाक्य तयार होतं. मी एसी चालू ठेवून दहा मिनिटं गाडीत बसले. मग बाकड्यावरचा एक जण उठून, कमरेवर हात ठेवून माझ्या गाडीकडे बघायला लागला. बहुतेक त्याला मदतच करायची असावी. मी गाडी वळवली.

घरी परत येताना सुट्या भागांचं दुकान लागतं. तिथे फोनवर फिल्टरचा फोटो दाखवला, गाडीचं मॉडेल दाखवलं, आणि एकही वाक्य न बोलता नवा फिल्टर मिळाला. त्या दुकानातून बाहेर पडताना मला वाटलं, हे तर मीच करू शकते.

आमच्याकडे त्या दिवशी पाणी येणार होतं. जुळे सोलापुरात आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की आई पिंप, बादल्या, कळशा भरायला लागते आणि पप्पा तिला सूचना द्यायला. म्हणजे दोन तास कुणी खाली पार्किंगमध्ये येणार नव्हतं. फिल्टर कसा बदलायचा याचा एक व्हिडिओ मी फोनवर चार वेळा बघितला होता. त्यातल्या गोऱ्या माणसाचं इंग्रजी मला शब्दन् शब्द कळत होतं आणि याचा मला, खरं सांगायचं तर, थोडा माजही आला होता. इंजिन गार होऊ दिलं. खाली फाटकी चादर अंथरली, त्यावर परात ठेवली. फिल्टर हाताने फिरेना, म्हणून पप्पांचा जुना चामडी पट्टा त्याच्याभोवती आवळून ओढला, तेव्हा तो कुरकुरत सैल झाला. परातीत डिझेल सांडलं. जुन्या फिल्टरच्या तळाचा सेन्सर काढून नव्याला लावला. नव्याच्या तोंडावर काळी रबरी रिंग होती, तिला बोटाने डिझेल चोपडलं, व्हिडिओत सांगितलं होतं तसं. फिल्टर वर बसवला, घट्ट केला. मग वरचं रबरी बटण दाबत राहिले, दाबत राहिले, आणि अचानक ते अंगठ्याखाली कडक झालं. आतली हवा गेली होती. किल्ली फिरवली. गाडीने एकदा खोकल्यासारखं केलं आणि सुरू झाली. पिवळा दिवा गेला.

मी एकटीच हसले. हाताला डिझेलचा वास, नखं काळी, कपाळावर घाम, आणि एवढा आनंद मला शेवटचा कधी झाला होता ते आठवत नव्हतं. वर जाऊन सांगायचं असं ठरवत मी जिना चढले. या वेळी वाक्य मनात लिहिलंसुद्धा नव्हतं.

दार उघडल्या उघडल्या पप्पा म्हणाले, "झालं? मिस्त्रींनी केलं ना? मग आता वर्षभर बघायला नको."

ते इतक्या निवांतपणे म्हणाले की मी फक्त "झालं" म्हणाले. अजून तरी खोटं काही बोलले नव्हते.

"काय म्हणाले मिस्त्री?"

"काही नाही."

"डोळ्याचं विचारलं असेल की."

"हो."

इथे पहिलं खोटं. एका अक्षराचं. नंतर कितीदा तरी मी मागे जाऊन बघितलंय, परत फिरायची जागा नेमकी कुठे होती. याच ठिकाणी होती. आई बादली घेऊन दारातच उभी होती, पप्पा हसत होते, फक्त रागावले असते थोडे, आणि मग कॉलनीभर सांगितलं असतं, माझ्या मुलीने फिल्टर बदलला म्हणून.

संध्याकाळी पप्पा म्हणाले, "मला वाकता येत नाही. फिल्टरवरच्या आकड्याचा फोटो काढून आण बघू, मी डायरीत लिहून ठेवतो."

मी खाली गेले. जुना फिल्टर कचऱ्याच्या पिशवीत होता, त्यावर चाचांचा मागच्या वर्षीचा आकडा. मी तो पुसून समोर ठेवला. मीटरवर एक लाख एकोणतीस हजार चारशे सहा. एकोणतीस म्हणजे ट्वेंटी नाइन की थर्टी नाइन, हे मला आजही क्षणभर थांबून ठरवावं लागतं. देवनागरी आकडे मी शाळेत मराठीच्या तासापुरते लिहिले होते. म्हणून एका कागदावर मी आधी सराव केला. चाचांचा दोन कसा मान वाकवतो, नऊची शेपटी कुठवर जाते. सात-आठ वेळा लिहिल्यावर जमलं. पेंट नव्हता. टेबलाच्या खणात, कागदावरची चूक पुसायचं पांढरं व्हाइटनर होतं. त्याच्या बारीक ब्रशने मी नव्या फिल्टरवर लिहिलं: १२९४०६. नऊची शेपटी चारच्या पायाखालून नेली.

फोटो बघून पप्पा म्हणाले, "अक्षर बघ मिस्त्रींचं. एवढ्या वर्षांत बदललं नाही."

दोन आठवडे काही झालं नाही. पार्किंगमध्ये अधूनमधून डिझेलचा वास यायचा. मी तो त्या दिवशी सांडलेल्या डिझेलचा धरून चालले.

मग मोहोळला आईच्या चुलतबहिणीच्या मुलीचा साखरपुडा निघाला. मे महिना, सकाळी दहालाच रस्ता तापलेला. मी गाडी चालवत होते, पप्पा शेजारी काळ्या चष्म्यात, आई मागे मांडीवर आहेराची पिशवी घेऊन. मोहोळ थोडंसंच राहिलं होतं तेव्हा गाडीने एक हिसका दिला. मग दुसरा. मी पाय दाबला तरी वेग वाढेना, मागे ट्रक हॉर्न वाजवत अंगावर येत होता. "कडेला घे, कडेला घे," पप्पा ओरडले. गाडी कडेला पोहोचता पोहोचता बंद पडली. बॉनेट उघडलं. फिल्टर ओला होता, आणि त्याच्या अंगावरून डिझेलचा ओघळ खाली गेला होता, बरोबर आकड्याच्या मधून.

पप्पांनी तिथूनच फोन लावला. फोन स्पीकरवर होता. चाचा म्हणाले, "जेवायला बसत होतो साहेब. थांबा तिथंच, आलोच."

तासाभराने ते स्कूटरवरून आले. डोक्याला ओला रुमाल बांधलेला, पायापाशी हत्यारांची पिशवी. आल्या आल्या आधी पप्पांच्या डोळ्याची चौकशी केली. "ऑपरेशन कधी झालं ओ साहेब? कळवलं पण नाही." पप्पांच्या कपाळावर आठी आली, कारण माझ्या म्हणण्याप्रमाणे चाचांनी डोळ्याचं आधीच विचारलेलं होतं. पण त्यांनी चाचांना बॉनेट दाखवलं. मी आईच्या बाजूला बाभळीच्या तुटक सावलीत उभी होते. 

चाचांनी फिल्टर फिरवून खाली काढला. मग, रस्त्यावरच्या ट्रककडे बघत, वरच्या बैठकीतून एक बोट गोल फिरवलं. बोट अर्ध्यात थांबलं. त्यांनी नखाने काहीतरी खरवडून काढलं आणि तळहातावर घेऊन पप्पांसमोर धरलं. एक चपटी झालेली काळी रबरी रिंग.

"हे बघा साहेब. जुनी रिंग वरच चिकटून राहिलेली. तिच्यावरच नवी बसवलेली. दोन रिंगा झाल्या की धरत नाही, हवा घेते."

म्हणजे बोट यासाठी होतं. काळ्या लोखंडावर काळं रबर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतं. वीस वर्षं मी ते बोट बघत आले होते. चाचांचा आकडा मी शेपटीसकट उचलला, आणि बोट तेवढं सोडून दिलं.

पप्पा म्हणाले, "मिस्त्री, एवढी वर्षं झाली आणि जुनी रिंग काढायची विसरलात?"

"मी बदललोच नाही ओ साहेब हा फिल्टर."

"तुम्ही नाही?"

"नाही. गाडी आलीच कुठं माझ्याकडं? वर्ष झालं."

पप्पांचा आवाज चढला. "हा आकडा मग काय मी लिहिलाय?"

चाचांनी फिल्टर उजेडाकडे फिरवला. डिझेलने आकडा विरघळून पसरला होता, पण वाचता येत होता. त्यांनी नखाने त्याची कड खरवडली, पापुद्रा निघाला, तो बोटांवर चुरून बघितला. "पेंट नाही हा. मेरे हाथ का नै है साब ये." चिडले की ते घरच्या बोलीत जायचे.

"पेंट संपला असेल, दुसरं काहीतरी वापरलं असेल. चूक झाली तर झाली म्हणा. नाही कशाला म्हणताय? ही पोरगी स्वतः घेऊन आली होती तुमच्याकडं. विचारा तिला."

दोघं माझ्याकडे वळले. पप्पांचे डोळे काळ्या चष्म्यामागे होते. चाचांचे मला दिसत होते. त्यांत राग नव्हता, ते फक्त वाट बघत होते.

मी म्हणाले, "मी गाडीत बसले होते."

हे वाक्य खरं होतं. मी गॅरेजसमोर दहा मिनिटं गाडीत बसले होते. पण बोलताना मला नीट माहीत होतं की ते वाक्य काय करणार आहे. पप्पांनी मान हलवली, म्हणजे गाडी गेली होती, पोरगी आत बसली होती, बाहेर काय झालं तिला कसं कळणार. "बघा," ते म्हणाले. "चूक माणसाकडून होते मिस्त्री. खोटं मात्र बोलू नका. या वयात तरी."

 चाचांनी रिंग जवळच्या दगडावर ठेवली. फिल्टर पुसला, नव्या रिंगेला डिझेल लावलं, बसवला, बटण दाबून हवा काढली, मला म्हणाले, "बेबी, स्टार्टर मार." गाडी सुरू झाली. आईने डब्यातून आणलेले धपाटे पुढे केले. "घ्या की, उन्हातून आलात."

"जेवून आलोय वहिनी," ते म्हणाले.

साखरपुड्यात मी काय खाल्लं ते मला आठवत नाही. परत येताना तो दगड कुठे दिसतो का म्हणून मी बघत होते.

पुढचे दिवस मी रोज ठरवायचे की आज सांगायचं. पप्पांनी गाडी दुसरीकडे न्यायची ठरवली. ते मनाने वाईट नाहीत, पण दुखावले की गप्प बसत नाहीत. सकाळी फिरायला जाणाऱ्या चौघा-पाचजणांत ते बोलले. खालच्या मजल्यावरच्या काकांची गाडीही चाचांकडेच जायची. एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना मी पप्पांना खाली म्हणताना ऐकलं, "मिस्त्री आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. चूक केली ती केली, वर तोंडावर नाही म्हणाले."

काका म्हणाले, "वय झालं त्यांचं. मी पण गाडी टाकणार होतो त्यांच्याकडे ब्रेकसाठी. आता बघतो दुसरीकडे."

मी हातातला टॉवेल पुन्हा पुन्हा पिळत राहिले. तोवर मी स्वतःला समजावत होते की हे तिघांतलं आहे, हळूहळू विरून जाईल. ते विरत नव्हतं, सकाळच्या फेरीबरोबर घरोघर जात होतं. चाचांनी वर्षानुवर्षं लोखंडावर लिहून कमावलेलं मी एका व्हाइटनरच्या बाटलीत घालवत होते.

त्याच दुपारी मी रिक्षाने गॅरेजला गेले. बाकड्यावर माणसं होतीच. मी त्यांच्यासमोरून गेले. चाचा एका इंजिनावर वाकले होते.

"चाचा, फिल्टर मी लावला होता. घरी. आकडाही मीच लिहिला."

त्यांनी वर बघितलं नाही. पाना फिरवत राहिले. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"ते पांढरं खरवडलं तवाच. ते कागदावरचं असतंय. मिस्त्री लोकांकडं नसतंय ते, लिहिणाऱ्यांकडं असतंय. आणि तुझा चेहरा बघितलो की."

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

आता त्यांनी पाना खाली ठेवला. "काय बोलू? तुझ्या बापासमोर तुझं नाव घेऊ? तू होतीस की तिथं."

मला रडू आलं. ते त्यांना आवडलं नसावं. त्यांनी हात पुसायचं फडकं उचललं आणि हात पुसतच राहिले. बाकड्यावरची माणसं आमच्याकडे बघत होती. "मला सांगितलीस, ठीक केलीस," ते म्हणाले. "पण मला तर ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. मला खोटारडा म्हणाले ते बेबी. आजपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं."

त्यांनी मला चहा विचारला नाही. आधी नेहमी विचारायचे.

घरी आले तेव्हा पप्पांच्या थेंबांची वेळ झाली होती. ऑपरेशननंतर दिवसातून तीनदा मीच त्यांच्या डोळ्यात औषध घालत होते. थेंब पडला की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी थेंब घातला. पप्पांनी दोन्ही डोळे मिटले. ते बघत असताना मला सांगता आलं नसतं. हेही धीटपणाचं नव्हतं, मला माहीत आहे. मी त्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. कडुनिंब, पाण्याचा दिवस, पट्टा, कागदावरचा सराव, 'मी गाडीत बसले होते'.

 औषधाचा थेंब त्यांच्या कानशिलावरून खाली आला, तो मी पुसला.

"आकडाही तूच लिहिलास?"

"हो."

"सराव करून?"

"हो."

 मग म्हणाले, "पाच मिनिटं झाली का?"

"झाली."

ते उठले. शर्ट घातला, काळा चष्मा लावला. आई विचारत होती, एवढ्या उन्हात कुठे, थांबा की चारपर्यंत. ते म्हणाले, "किल्ली घे गं." वाटेत ते एकच वाक्य बोलले. "मी त्यांना वय काढून बोललो."

गॅरेजच्या बाकड्यावर तीच माणसं होती. पप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले, आणि मला वाटतं तेही मनात वाक्य लिहीत होते. मग मोठ्याने म्हणाले, "मिस्त्री, खोटं तुम्ही बोलला नव्हता. माझ्या घरातून बोललं गेलं. मी चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांत सांगतोय. माझं चुकलं."

चाचा म्हणाले, "असू द्या साहेब. बसा." त्यांनी बाकड्यावरच्या एकाला उठवून जागा केली. चहा आला. तिघांना आला. पप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीतही सगळं सांगितलं, काही न झाकता. त्यानंतर कितीतरी दिवस जिन्यात भेटलं की काका माझ्याकडे बघून गालात हसायचे. "काय इंजिनिअरबाई!" मी मान खाली घालून जायचे. ते हसणं मला चालत होतं.

मला वाटलं होतं, सांगितलं की संपेल.

या वर्षी फिल्टर पुन्हा बदलायला आला. पप्पा आता दोन्ही डोळ्यांनी छान बघतात, पण मला म्हणाले तूही चल. मी गाडी थेट गॅरेजच्या दारात लावली. चाचांनी बॉनेट उघडलं, जुना फिल्टर काढला, रस्त्याकडे बघत बोट गोल फिरवलं. मग मला जवळ बोलावलं. "घाल बोट." मी घातलं. गुळगुळीत, गार लोखंड, काहीही चिकटलेलं नाही. "हां. असं लागलं पाहिजे." नवा त्यांनी स्वतः बसवला, हवा काढली, गाडी सुरू करून कान देऊन ऐकलं.

पप्पा खिशातून डायरी काढून उभे होते. ब्रश नेहमीच्या खिळ्याला टांगलेला होता, पेंटचा डबा त्याच्या खाली. चाचांनी हात पुसले आणि बॉनेट लावलं.

"मिस्त्री, आकडा राहिला," पप्पा म्हणाले.

"तुमी डायरीत लिहून घ्या साहेब," चाचा म्हणाले. आवाज साधाच होता, रोजच्यासारखा. "त्यावर लिहिलेलं कोण लिहिलं, कसं कळणार."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीटर बघून मी आकडा सांगितला, त्यांनी तो डायरीत लिहिला. त्यानंतर पुढच्या रिक्षावाल्याचं काम होतं. चाचांनी त्याचा फिल्टर बदलला, खिळ्यावरचा ब्रश काढला, डब्यात बुडवला आणि वाकून सावकाश आकडा लिहिला. त्यात एक नऊ होता. मी गाडीत बसून त्याची शेपटी पूर्ण होईपर्यंत बघत राहिले.